कुणाची जखम, कुणाची ताकद

अचलपूरच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. परतवाडा मागे टाकून घाट चढला की चिखलदरा, त्याच्या शेजारी गाविलगड. आणि सातपुड्याचे हेच डोंगर पश्चिमेकडे धरत गेले की बऱ्हाणपूरजवळचा असीरगड. असीरगडावरच्या शिवमंदिरात पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन फूल वाहून जातो तो अश्वत्थामा, असे त्या भागातले लोक सांगतात. महाराष्ट्रातही आज्यांच्या गोष्टींनी त्याला घरोघरी पोहोचवले आहे: कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी तेल मागत दारोदार फिरणारा चिरंजीव. झोपेत असलेल्या द्रौपदीच्या मुलांना त्याने मारले, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले, आणि त्याची शिक्षा म्हणून जन्मजात मणी गमावून तीन हजार वर्षांची वणवण पदरात घेतली.

कॉमिक्सच्या दुनियेत ज्याला अँटीहिरो म्हणतात, त्याचे बहुतेक सारे सामान या माणसापाशी आहे. कपटाने मारला गेलेला बाप, सूडाची एक रात्र, अंगावर कायमची खूण, मरण नाकारलेले शरीर. नाही ती एकच गोष्ट. त्याच्या वेदनेतून बळ उगवत नाही; ती नुसती वाहत राहते. पाश्चात्त्य कॉमिक्सनी, आणि पुढे आपल्याकडच्या हिंदी कॉमिक्सनी, नेमकी इथेच वेगळी वाट धरली. जखम हेच नायकाचे शस्त्र झाले. ही वाट कुठवर गेली, कुठे भरकटली आणि मराठी चित्रकथा तिच्याकडे फिरकलीच का नाही, हे तपासायला हवे. दुःखाचा तुटवडा मराठीला, त्यातही वऱ्हाडाला, कधीच नव्हता.

या वाटेवरचे सर्वांत उघडेवाघडे पुस्तक म्हणजे जेम्स ओबार यांचे ‘द क्रो’. ओबार अनाथ होते, परक्यांच्या घरी वाढले. १९७८ साली दारू पिऊन गाडी हाकणाऱ्या एका माणसाने त्यांच्या होणाऱ्या बायकोचा जीव घेतला. ओबार सैन्यात गेले, जर्मनीत तैनात असताना त्यांनी कागदावर रेघा ओढायला सुरुवात केली, आणि १९८९ साली कॅलिबर प्रेसने ती चित्रकथा छापली. कथा चार ओळींची आहे. एरिक आणि शेली या जोडप्याला रस्त्यात एक टोळी गाठते, दोघे मरतात, वर्षभराने एरिक परत येतो आणि एकेकाला टिपतो. आता गोळी त्याच्या अंगातून आरपार जाते, तरी तो कोसळत नाही.

एवढ्यावर हे पुस्तक साधी सूडकथा ठरले असते. त्याला उंची दिली ती शाईने. मारामारीची पाने काळ्याने गच्च भरलेली आहेत, पांढरा कुठे चेहऱ्यापुरता, कुठे दातांपुरता उरतो. शेलीच्या आठवणींची पाने मात्र करड्या, मऊ छटांची, जणू दुसऱ्याच हाताने काढलेली. वाचकाला हळूहळू उमगते की एरिकला गोळ्यांचे भय नाही, भय आहे ते या करड्या पानांचे. रिकाम्या घरात तो स्वतःच्याच अंगावर वार करून घेतो. बाहेरच्या जगापुढे अजिंक्य झालेला हा माणूस आठवणीपुढे दर वेळी हरतो, आणि ओबार ते लपवत नाहीत. चित्रे काढून मन हलके झाले नाही, असे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले. कलेने माणूस बरा होतो, हा गोड समज इतक्या सरळपणे नाकारणारे चित्रकार थोडे. १९९४ साली या पुस्तकावर सिनेमा आला. त्याच्या चित्रीकरणात, ३१ मार्च १९९३ रोजी, नायक ब्रँडन ली बंदुकीच्या अपघातात मरण पावला. तेव्हापासून ‘द क्रो’ भोवती दंतकथेचे वलय आहे. वलयाने मूळ पुस्तक मात्र झाकले गेले, ही खंत बाळगायलाच हवी.

ओबार यांच्या आधीही ही पायवाट मळलेली होती. बायको-मुलांचे खून झालेला ‘पनिशर’ १९७४ साली ‘स्पायडरमॅन’च्या एका अंकात आला, छातीवर कवटी रंगवून. अ‍ॅलन मूर यांच्या ‘वॉचमेन’मधला (१९८६-८७) रोरशाक हा मारझोडीत वाढलेला पोर, एका लहान मुलीच्या खुनाचा छडा लावताना त्याच्यातले उरलेसुरले माणूसपण करपून जाते. मूर यांनी हे पात्र इशारा म्हणून रचले होते. वाचकांतल्या मोठ्या गटाने त्याला आदर्श मानले. पनिशरच्या कवटीचे तर याहून वाईट झाले. ती अमेरिकी पोलिसांच्या गाड्यांवर आणि सैनिकांच्या गणवेशांवर चिकटली, तेव्हा त्याचे लेखक जेरी कॉनवे यांना जाहीर आक्षेप घ्यावा लागला: कायद्याच्या अपयशातून जन्मलेला माणूस कायदा राबवणाऱ्यांचे चिन्ह कसा होईल?

हा घोटाळा अपघाताने झालेला नाही. दुःखाने माणसाला बळ मिळते, एवढेच वाक्य वाचकाने उचलले की पुढचे वाक्य आपोआप येते: ज्याने दुःख भोगले त्याला सारे माफ. अश्वत्थाम्याच्या कथेने ही पळवाट बंद केली होती. त्याचा बाप कपटाने मारला गेला हे महाभारत मान्य करते आणि तरीही त्याला सोडत नाही.

या प्रश्नाला सर्वांत धीटपणे भिडलेली कॉमिक्स म्हणजे मूर आणि डेव्हिड लॉइड यांची ‘व्ही फॉर व्हेंडेटा’. १९८२ साली ‘वॉरियर’ या ब्रिटिश मासिकात ती सुरू झाली. छळछावणीच्या पाच नंबरच्या खोलीत ज्याच्यावर प्रयोग झाले तो माणूस, व्ही, मुखवटा चढवून बाहेर पडतो, इथवर सारे ओळखीचे. मग तो ईव्ही नावाच्या पोरीला कोठडीत डांबतो, तिचे केस भादरतो, उपाशी ठेवतो, रोज चौकशीला बसवतो. आपल्याला सरकारने पकडले असे ती समजते. भिंतीतल्या उंदराच्या बिळातून तिला एका मेलेल्या स्त्रीचे पत्र मिळते आणि त्या पत्राच्या आधारावर ती मरायला तयार होते, पण झुकत नाही. त्यानंतर कळते की तुरुंग खोटा होता. छळणारा व्हीच होता. त्याला ज्या यातनेने बळ दिले तीच त्याने तिला ‘भेट’ दिली. ईव्ही त्याला क्षमा करते, पण वाचकाने करावी का? लॉइड यांनी ही पाने विलक्षण संयमाने काढली आहेत. आवाजाची अक्षरे नाहीत, विचारांचे फुगे नाहीत, चेहऱ्याचा अर्धा भाग कायम काळोखात. या प्रकरणाचे मोल असे की दुसऱ्याला दुःख देऊन बळकट करण्याचा दावा इथे पूर्ण ताकदीने मांडला जातो आणि त्याच दमात अंगावर काटाही आणतो. आणि ईव्हीला सावरते ते दुःख नव्हेच. सावरते ते बिळातले पत्र. आपल्या आधी कुणीतरी हे सोसले आणि आपल्यासाठी लिहून ठेवले, ही जाणीव.

आणखी एक हिशेब या साऱ्या वाङ्मयाला चुकता करावा लागतो. नायकाला बळ मिळावे म्हणून मरते कोण? शेली मरते, पनिशरची बायको मरते. १९९९ साली लेखिका गेल सिमोन यांनी अमेरिकी कॉमिक्समध्ये अशा मारल्या गेलेल्या, अपंग केल्या गेलेल्या, बळ हिरावलेल्या स्त्रियांची यादीच जाहीर केली आणि ती वाढतच गेली. बाईचे दुःख हे पुरुषाच्या ताकदीचे इंधन, ही सवय इतकी जुनी की ती कुणाला खटकतही नव्हती. आपल्याकडे २०१४ साली आलेल्या ‘प्रियाज शक्ती’ने हे उलटे करून पाहिले. राम देविनेनी आणि डॅन गोल्डमन यांच्या या कथेत बलात्कार सोसलेली प्रिया स्वतःच वाघावर बसते. हेतू स्वच्छ, चित्रे देखणी. पण कथा उपदेशाच्या वजनाखाली दबते. देवी धावून येते आणि प्रियाला स्वतःच्या काळोखाशी झगडायला पानेच उरत नाहीत.

आता हिंदीकडे. वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्यप्रांताचा आणि पुढे जुन्या मध्य प्रदेशाचा भाग होता, अचलपूरपासून मध्य प्रदेशाची हद्द दूर नाही, आणि गावात मराठी, उर्दू, हिंदी एकाच चौकात ऐकू येतात. अशा मुलखातल्या वाचकाला हिंदी कॉमिक्स परके नसतात. टाइम्स समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने (१९६४ ते १९९०) वेताळ आणि मँड्रेक मराठीतही आणले. त्याच मालिकेत १९७६ साली आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ निर्माण केला. बहादूरचा बाप दरोडेखोर. त्याला गोळी घालणारा पोलीस अधिकारीच पुढे पोरक्या मुलाला वाढवतो. सूडाची सारी तयारी झालेली असताना मुलगा समजूतदार होतो आणि गावाच्या रक्षणासाठी नागरिकांचे दल उभारतो. त्या काळाच्या आशेला हे साजेसेच होते. पण जखम फार लवकर भरून आली. बहादूर नायक झाला, अँटीहिरो झाला नाही.

तो मान मिळाला डोगाला. दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तरुणकुमार वाही, संजय गुप्ता आणि चित्रकार मनू यांच्या हातून हा नायक आणला आणि त्याला ठेवले मुंबईत. पहिल्या कॉमिक्सचे नाव ‘कर्फ्यू’. कचऱ्याच्या ढिगात सापडलेले तान्हे पोर हलकनसिंग नावाचा डाकू उचलतो, पोलिसांपुढे ढाल म्हणून वापरतो आणि कुत्र्यासारखे वाढवतो. मोठा झाल्यावर हाच मुलगा, सूरज, कुत्र्याचा मुखवटा चढवतो, मुंबईच्या गटारांतून फिरतो, भटक्या कुत्र्यांची फौज बाळगतो आणि गुन्हेगाराला पोलिसांच्या हवाली न करता तिथेच संपवतो. ज्या शब्दाने त्याला हिणवले गेले तेच त्याने तोंडावर बांधले. भारतीय कॉमिक्समध्ये अपमानाचे इतके नेमके दृश्यरूप दुसरे नाही.

डोगाची खरी श्रीमंती मात्र मुखवट्यात नाही. ती आहे अदरक, हळदी, धनिया आणि कालीमिर्च या चार चाचांमध्ये. मसाल्याच्या डब्यातली नावे घेतलेले हे चार भाऊ सूरजला वाढवतात, लढण्याचे एकेक कसब शिकवतात, व्यायामशाळेत जागा देतात. मुसलमान उस्तादांच्या हाताखाली घडलेला, ज्याची जात-धर्म कुणालाच ठाऊक नाही असा कचऱ्यातला मुलगा त्या वर्षांतल्या मुंबईत उभा करणे हे मोठे धाडस होते. कथेची बांधणी नीट पाहिली तर हलकनसिंगने त्याला फक्त राग दिला. ताकद चाचांनी दिली. चाचा नसते तर सूरज दुसरा हलकनसिंग झाला असता. दुर्दैवाने पुढच्या अनेक अंकांत चाचा मागे सरले आणि बंदुका पुढे आल्या. गुन्हेगार बदलत राहिले, न्याय तोच राहिला, आणि पनिशरचा घोटाळा हिंदीतही झाला: मुळासकट उखडण्याची भाषा टाळ्या घेऊ लागली. तरीही सुरुवातीच्या अंकांचे मोल त्याने कमी होत नाही. अनुराग कश्यप यांनी डोगावर सिनेमा करण्याचे मनात घेतले होते. तो झाला नाही.

मुंबईच्या गटारातला हा नायक दिल्लीहून, हिंदीत आला. मराठीत हात नव्हते असे नाही. अमर चित्र कथेचा ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला. त्याच मालिकेचे ‘महाभारत’ घडवण्यात दिलीप कदमांचा मोठा वाटा. प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथा गाजवलीच, शिवाय राज कॉमिक्सच्या नागराजचे सुरुवातीचे अंकही त्यांचेच. म्हणजे हिंदी सुपरहिरोला पहिला देह देणाऱ्यांत मराठी बोटे होती. त्याही मागे जायचे तर पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी आहे: पोथीतली चित्रे एकामागून एक उलगडत रामायण-महाभारत सांगण्याची कला. परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रांच्या मालिकेतून गोष्ट सांगणे महाराष्ट्राला नवे नाही.

अडचण वेगळीकडे आहे. छापील मराठी चित्राने एक काम स्वतःकडे घेतले: हसवण्याचे. १९५१ पासूनचा ‘आवाज’ दिवाळी अंक, १९६० साली निघालेले ‘मार्मिक’, शि. द. फडणीसांची हसरी गॅलरी, १९९१ साली ‘सकाळ’मध्ये सुरू झालेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’. ही परंपरा अस्सल आहे, तिच्यापुढे मान लववावी अशीच. पण तिच्यामुळे मराठी संपादकाच्या डोक्यात चित्र आणि विनोद यांची गाठ इतकी घट्ट बसली की काळोखाचे काम गद्याकडेच राहिले. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड हे कायद्याच्या काठाने चालणारे नायक हजारो घरांत वाचले गेले. त्यांना कुणी चौकटीत उभे केले नाही. शिवाजी सावंतांचा कर्ण १९६७ पासून ‘मृत्युंजय’मध्ये अपमान गिळून उभा आहे. शब्दांतच.

वऱ्हाडी बोलीचेही असेच झाले. मंचावर, पडद्यावर ती आली की प्रेक्षक हसायच्या तयारीने सरसावून बसतो. पण याच बोलीत उद्धव शेळके यांनी १९६० साली ‘धग’ लिहिली. अमरावती जिल्ह्याच्या मातीतली कौतिक शिंप्याच्या घरात नांदते. कामात जीव नसलेला नवरा, पोरांची पोटे, आजारपण आणि पदोपदी आडवे येणारे दारिद्र्य. ती दर वेळी उठते, नवा बेत करते, घर सावरते. तिचे बळ नवऱ्याला, पोरांना, घराला पुरते आणि शेवटी ती स्वतः मोडून पडते. कॉमिक्सच्या अँटीहिरोला शेळक्यांनी साठहून अधिक वर्षांपूर्वीच दिलेले हे उत्तर आहे. दुःखातून ताकद येते, हे ‘धग’ नाकारत नाही. ती ताकद खर्च होते आणि भरून देणारे कुणी नसेल तर संपते, एवढे जास्तीचे सांगते. कौतिकला चाचा मिळाले नाहीत, बिळातून पत्र आले नाही. सुपरहिरोंच्या एकाही कथेने हे शेवटापर्यंत मांडण्याची हिंमत केलेली नाही.

मराठी माणसाचे दुःख कुणी काढलेच नाही असे म्हणता येणार नाही, पण ते इंग्रजीत काढले गेले. नवयान प्रकाशनाच्या ‘भीमायन’मध्ये (२०११) दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातले अपमान उभे केले. त्यांनी चौकटीच मोडून टाकल्या. गोंड नक्षीच्या रेषा वाहत जातात आणि त्यांतून प्रसंग वेगळे होतात. प्रेमळ बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. पाणी नाकारलेला मुलगा मुखवटा चढवत नाही, कुणाला मारत नाही. शिकतो आणि लाखोंना उभे करतो. अँटीहिरोच्या कथेशेजारी ठेवून हे पुस्तक वाचावे. जखमेचे काय करायचे, याचा त्याच्याइतका मोठा आवाका दुसऱ्या कुठल्या भारतीय चित्रकथेत नाही.

अलीकडचे नाव राम व्ही आणि मुंबईचे चित्रकार आनंद आर.के. यांचे. राम व्ही यांनी मुंबईच्या होली काऊसाठी ‘अघोरी’ लिहिली आणि पुढे अमेरिकी कॉमिक्समध्ये मोठे नाव कमावले. दोघांनी मिळून केलेल्या ‘ग्राफिटीज वॉल’मध्ये मुंबईची पोरे आहेत, ‘ब्लू इन ग्रीन’मध्ये (२०२०) एक जॅझ वादक असा प्रश्न विचारतो की मोठी कला यातनेची किंमत मोजल्याशिवाय मिळते का. तो किंमत मोजतो आणि पुस्तक त्याचे कौतुक करत नाही, त्याची झीज दाखवते. आनंद यांना या चित्रांसाठी २०२१ चा आयझनर पुरस्कार मिळाला. मुंबईत राहून काढलेली ही पाने मराठी वाचनालयांत शोधावी लागतात, हे मराठी प्रकाशनव्यवहाराचे अपयश आहे. वाचकाच्या माथी ते मारू नये.

आणि अचलपूर? काळोखी चित्रकथा मागते ते सारे इथे पडून आहे. इमादशाहीच्या राजधानीचे जुने दरवाजे, १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीच्या तोफांपुढे किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला तो गाविलगड, कीचकाच्या वधाशी जोडलेली चिखलदऱ्याची दरी, मूर्तिजापूरपर्यंत धावणारी आणि आता थांबलेली शकुंतला रेल्वे, धूर न काढणारी फिनले मिल. वर मेळघाटात कोरकू समाज मेलेल्या माणसाच्या स्मरणासाठी सागाच्या लाकडावर घोडेस्वार, चंद्र, सूर्य कोरतो. व्यामांनी गोंड रेषेतून जे केले ते इथल्या रेषेतून का होऊ नये? शेजारी कापसाची शेती आहे आणि दरवर्षी विधिमंडळात आकड्यांनी मोजली जाणारी शेतकऱ्यांची मरणे आहेत. या दुःखाला मुखवटा घालून बंदूक देण्याचा मोह कुणाला ना कुणाला होईल. तसे पहिले पुस्तक कदाचित खपेलही. पण आत्महत्या केलेल्या बापाचा सूड उगवणारा वऱ्हाडी डोगा काढणे सोपे. सावकार मारला की कथा संपते, कर्ज मात्र मागे राहिलेल्या बाईच्या नावावर उरते.

सुरुवात त्या बाईपासून करता येईल. मराठी दिवाळी अंक दरवर्षी शेकड्यांनी निघतात आणि कथा-कवितांना पाने देतात. त्यांतल्या एखाद्याने सोळा पाने सलग चित्रकथेला द्यावीत, रंगाचा खर्च नको, ओबार यांच्यासारखी नुसती काळी शाई चालेल. लेखक वऱ्हाडी बोलणारा हवा, आणि ती बोली हशासाठी वापरायची नाही एवढी अट. सहकारी बँकेच्या पायऱ्या, तलाठ्याचे टेबल, पऱ्हाटीच्या ओळी, रात्रपाळीचा सरकारी दवाखाना: ही स्थळे काढणारा चित्रकार अमरावती-अकोल्याच्या कलामहाविद्यालयांत आजही शिकत असेल. त्याच्या हाती काम देणारा संपादक तेवढा मिळायचा आहे.